ब्रिजखाली फट ठेवा

वास

पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी रसमला फोडणी देत होते. हिंगाचा नव्हे, कढीलिंबाचा नव्हे. गोडसर, कुबट, आणि मागे कापूर जाळल्यासारखा. मी गॅस बंद केला, भांड्यांत नाक घातलं, मोरी पाहिली, फडकं हुंगलं. मग कळलं की वास माझ्याच तोंडातून येतो आहे आणि तो माझ्या ओळखीचा आहे. माझे वडील, अप्पा, शेवटचे महिने ज्या खोलीत पडून होते, त्या खोलीचा तो वास होता. त्यांना जबड्याचा कॅन्सर झाला होता. माझी मुलगी पद्मा जेवढ्या वर्षांची, तेवढीच वर्षं त्यांना जाऊन झाली होती, कारण ते गेले आणि लगेच ती जन्मली.

त्याच आठवड्यात उजव्या बाजूच्या खालच्या दाढेपाशी बोटाला काहीतरी टणक लागलं. दाबलं तर दुखेना. दुखलं असतं तर बरं वाटलं असतं. अप्पांचंही सुरुवातीला दुखत नव्हतं.

हे लिहिते आहे ते अशा माणसांसाठी, ज्यांना डॉक्टरांनी गेलेल्या दाताच्या जागी ब्रिज की इम्प्लांट असे दोन रस्ते दाखवले आहेत आणि ज्यांना दोन्ही रस्त्यांवर भूत उभं दिसतं. दातांचं शास्त्र मला कळत नाही. मी तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत राहते आणि शाळेतल्या मुलांना हिंदीच्या परीक्षांसाठी शिकवते. त्या हिंदीमुळेच ही लिपी मला येते. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पण लिहायची वेळ आली की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. पुण्याला दिलेल्या माझ्या नणंदेने हे वाचून शुद्ध केलं आहे. भाषा सुधारली, वास काही काढता आला नाही, असं ती म्हणाली.

नातं आधी सांगते, नाहीतर पुढे घोटाळा होईल. आमच्यात आत्याच्या मुलाशी लग्न होतं, तसं माझंही झालं. म्हणजे माझी सासू ही अप्पांची सख्खी थोरली बहीण. मी तिला आजही आत्याच म्हणते. नवऱ्याला मी लहानपणी माधू म्हणायची आणि चिंचोके फेकून मारायची. लग्नानंतर तो 'अहो' झाला. इथे माधवराव लिहिते, वाचणाऱ्यांना बरं वाटेल.

काळा गोल

त्या वर्षांत आमच्या गावात रोज काहीतरी नवं उघडत होतं. एसटीडी बूथ उघडले, केबलवाला आला, कॉम्प्युटरचे क्लास निघाले. त्यातच बस स्टँडजवळ डॉक्टर मालतींचा दवाखाना उघडला. आत गार हवा, वरखाली होणारी परदेशी खुर्ची, आणि माझ्या धाकट्या बहिणीसारखी दिसणारी डॉक्टर. माधवराव कचेरीत होते, म्हणून आत्या बरोबर आली.

डॉक्टर माझ्या तोंडात आरसा घालून बघत होत्या आणि आत्या शेजारी उभी राहून मराठीत म्हणाली, "ही पोर काय पाहील गे? हिचे दुधाचे दात तरी पडले काय?"

तोंडात आरसा होता तरी मला हसू आलं. आम्ही तंजावूरचे मराठी लोक असंच करतो. बाहेर सगळं तमिळमध्ये, आणि जे दुसऱ्याने ऐकू नये ते मराठीत. पातळांच्या दुकानात, टाउन बसमध्ये, देवळात दर्शनाच्या रांगेत, समोरच्याच्या देखत त्याच्याबद्दल बोलून मोकळे होतो. आमची भाषा म्हणजे आमचा पडदा.

एक्स-रेमध्ये दाढेच्या मुळाशी, हाडात, एक काळा गोल होता. कडा अगदी रेखीव. डॉक्टर तमिळमध्ये म्हणाल्या की बहुधा सिस्ट असेल, पाण्याची पिशवी. दाढ काढावी लागेल, पिशवीही काढावी लागेल आणि तपासायला पाठवावी लागेल.

'तपासायला' हा शब्द ऐकला आणि आत्या उठून बाहेर गेली. मी बाहेर आले तेव्हा ती ऑटोत जाऊन बसली होती. घरी आली ती तडक न्हाणीघरात गेली आणि डोक्यावरून न्हाली. आमच्यात मयताहून आलं की असं न्हातात. ओले केस घेऊन ती माझ्यासमोरून गेली आणि मी माझ्याच घरात उभी राहून ते बघितलं. निदानाच्या दिवसाचं मला एवढंच स्पष्ट आठवतं. डॉक्टरांनी धीर दिला असणार, माधवराव संध्याकाळी काहीतरी समजावत होते, ते सगळं पुसलं गेलं. आत्याच्या केसांतून ठिबकणारं पाणी तेवढं राहिलं.

इस्पितळ

ऑपरेशन मोठ्या इस्पितळात झालं. डॉक्टर मालती स्वतः तिथल्या सर्जनबरोबर उभ्या होत्या. इस्पितळातल्या दिवसाला स्वतःचा असा एक क्रम असतो. पहाटे फरशी पुसतात, मग कॉफीवाला येतो, मग थर्मामीटर, मग डॉक्टरांचा फेरा, आणि मग नुसतं दुपारचं पडून राहणं. माझा गाल फणसासारखा सुजला होता. बोलता येत नव्हतं. ज्या बाईचं अर्धं आयुष्य मुलांवर ओरडण्यात गेलं, तिला देवाने बरोबर जागेवर पकडलं, असं माधवराव म्हणाले. मला हसायचं होतं, पण टाके होते.

वॉर्डातल्या आयाचं उपकाराचं एक काम सांगते. मी सारखी नाकाला पदर लावते हे तिने पाहिलं. तिने काही विचारलं नाही. आपल्या अंबाड्यातला मल्लीचा गजरा काढला आणि माझ्या उशीशी ठेवला. दुसऱ्या दिवशी ताजा आणला. त्या दोन दिवसांत मला मोगऱ्याखेरीज कशाचाच वास आला नाही. कोणी आजारी माणसाला भेटायला जात असाल तर फळं नेऊ नका, गजरा न्या.

रिपोर्ट यायला वेळ लागला. त्या काळात घरात कोणीच कोणाशी धड बोलत नव्हतं. केबलवर दिवसभर सिनेमे चालत आणि आम्ही तिघं-चौघं त्यासमोर बसत असू, कोणी विचारलं असतं तर कथा कोणालाच सांगता आली नसती. शेवटी रिपोर्ट आला. साधी सिस्ट. कॅन्सर नाही. माधवरावांनी सायकल तिरुवैयारच्या रस्त्याला घातली आणि तिथला अशोका हलवा घेऊन आले. तो चावावा लागत नाही. तुपाचे हात घेऊन सगळे हसत होते, पद्मा नाचत होती. आत्याने हलवा देवापुढे ठेवला, नमस्कार केला आणि न खाताच आत गेली.

भोक

आजार बरा झाला, इथे लोकांच्या हकिगती संपतात. माझी इथे सुरू झाली.

दाढ गेली तिथे खड्डा होता. तो हळूहळू भरेल, हाड धरेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी रोज सकाळी टॉर्च आणि आरसा घेऊन न्हाणीघरात जायची आणि तो खड्डा बघायची. मग दुपारी एकदा. मग मुलं शिकवणीला यायच्या आधी एकदा. अप्पांचा खड्डा मी कधी पाहिला नव्हता. मी पद्माच्या वेळी गरोदर होते आणि मला त्या खोलीचा उंबरा ओलांडू देत नसत. आत्या आत जायची. जखम धुवायची, कापूस बदलायची, कापूर पेटवायची. मी दारात उभी राहायची आणि अप्पा पाठमोरे असायचे. बहुतेक मुद्दामच. त्यामुळे आरशात बघताना मी जे बघत होते ते माझं होतं की मी इतकी वर्षं मनाने रंगवलेलं त्यांचं होतं, हे मला सांगता आलं नसतं.

नसलेली दाढ ठणकायची. होतं असं, म्हणाल्या डॉक्टर, शिरांना गेलेलं कळायला वेळ लागतो. हे मला पटलं. माणसांनाही लागतो.

आणि वास येतच होता. रोज नाही. चार दिवस काही नसे, मग वेण्या घालताना, मग एखाद्या मुलाला दोहा म्हणायला लावला असताना, एकदम. कधी बरोबर आवाजही येई. अप्पांना वेत्तिलै-पाक्कू, म्हणजे पानसुपारी, तंबाखूसकट लागायची. ओरत्तनाडच्या कचेरीतून बसने आले की ओसरीवर बसून सुपारी कातरायचे. तो अडकित्त्याचा 'कट्' भर दुपारी माझ्या पाठीमागे वाजायचा. घरात अडकित्ता नव्हता. अप्पा गेले तेव्हाच आत्याने तो विहिरीत टाकला होता.

मी माधवरावांना म्हणायची, "अहो, हुंगून बघा." ते आपले बिचारे नाक पुढे करायचे. "टूथपेस्टचा येतो." नवी जेलवाली टूथपेस्ट त्यांनीच आणली होती, टीव्हीवर बघून. "नीट बघा." "लवंगेचाही येतो." पद्माला विचारलं तर ती तमिळमध्ये म्हणायची, "ओण्णुमे इल्लै, अम्मा," काहीच नाही. आमच्या मुलांचं असंच आहे, मराठी सगळी कळते, उत्तर तमिळमध्ये. एक दिवस माधवराव वैतागले. "सुंदरा, भित्यापाठी ब्रह्मराक्षस! रिपोर्ट चांगला, डॉक्टर चांगली, जखम चांगली. तुज अजून काय पाहिजे?"

मला काय पाहिजे होतं ते मला माहीत होतं. तो वास येत नाही असं मला अशा माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं, ज्याला तो वास माहीत आहे. माधवराव तेव्हा नोकरीसाठी सेलमला होते. ती खोली आतून माहीत असलेलं माणूस आमच्या घरात एकच होतं, आणि ऑपरेशन झाल्यापासून ते माझ्या तोंडाजवळ फिरकत नव्हतं. मी बोलायला लागले की आत्या मान वळवायची.

ब्रिज की इम्प्लांट

खड्डा वरून भरला, हिरडी गुलाबी झाली, आणि डॉक्टर मालतींनी प्रश्न टाकला. जागा रिकामी ठेवली तर शेजारचे दात कलतील, वरची दाढ खाली उतरेल. काहीतरी बसवायला हवं.

ब्रिज म्हणजे दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करायचे, त्यांच्यावर टोप्या घालायच्या आणि त्या टोप्यांच्या आधारे मधला खोटा दात. लवकर होतो. पण शेजारचे दोन दात, ज्यांनी कोणाचं काही बिघडवलं नाही, ते कायमचे कापले जातात.

इम्प्लांट म्हणजे हाडात टायटॅनियमचा स्क्रू घालायचा आणि त्याच्यावर दात. शेजाऱ्यांना धक्का नाही. त्यासाठी मद्रासहून एक सर्जन महिन्यातून एकदा येत असत. माधवराव हे ऐकून लहान मुलासारखे खूष झाले. आता देशात सगळं मिळतं, परदेशी टीव्ही मिळतो तसा परदेशी दात मिळतो, मग जुनाट गोष्टी कशाला, असं त्यांचं म्हणणं. अडचण एवढीच होती की सिस्टच्या जागी हाड अजून पोकळ होतं. एकतर वर्षभर थांबायचं, नाहीतर पोकळीत हाडाची पूड भरायची.

"कसली पूड?" माधवरावांनी विचारलं.

"बाहेरून येते. शुद्ध केलेली असते."

"हो, पण कसली?"

"बैलाच्या हाडाची," डॉक्टर म्हणाल्या.

घरी येईपर्यंत माधवरावांनी स्वतःची समजूत घातली की औषधाला दोष नसतो. घरी आत्याला सांगितलं मात्र, आणि तिने कानांवर हात ठेवले. "शिवा शिवा! तोंडात हाड? ज्या तोंडाने देवाचे नाव घेते त्या तोंडात?"

"बरं, मग ब्रिज," माधवराव म्हणाले.

"ब्रिज नको."

"मग वर्षभर थांबून स्क्रू?"

"तेही नको. असू दे ती जागा तशीच."

"आई, दात आहेत तर चणे नाहीत असं झालं तुझं. हे नको, ते नको. हिने काय आयुष्यभर एका बाजूने चावायचं?"

"चावू दे," आत्या म्हणाली आणि माजघरात निघून गेली.

घरात कुरबुर वाढत गेली. माधवराव मला म्हणत, तुझं तोंड, तू ठरव. पण त्यांच्या 'तू ठरव'चा अर्थ 'इम्प्लांट' असा असे. आत्या माझ्याशी बोलेना. मी मध्ये. खरं सांगायचं तर आत्याची मागणी मला मनातून पटत होती. स्क्रूची भीती होतीच, पण खरी भीती ब्रिजची होती. ब्रिज बसला की ती जागा झाकली जाणार. मग सकाळी टॉर्च घेऊन मी काय बघणार? ते परत आलं तर मला कळणार कसं? ही भीती मी डॉक्टरांना एकदाही सांगितली नाही. वेड्यासारखं वाटलं असतं. मी त्यांना फक्त विचारत राहिले की कोणता जास्त वर्षं टिकतो.

पडदा

ठरवायचा दिवस आला. माधवराव बाहेर एसटीडी बूथवर मद्रासच्या सर्जनची वेळ घ्यायला गेले होते, म्हणजे त्यांनी आपल्याकडून ठरवलंच होतं. खुर्चीवर मी, शेजारी आत्या, समोर डॉक्टर. त्यांच्या हातात माझ्या दातांचा प्लास्टरचा साचा होता. त्यात ती रिकामी जागा फार मोठी दिसत होती.

"सोल्लुंग," डॉक्टर म्हणाल्या, सांगा.

मी आत्याकडे वळले आणि मराठीत म्हटलं, "आत्या, मी काय सांगू? ब्रिज बसवला तर खाली काय चाललंय ते दिसणार नाही. मला त्याचंच भय वाटतं. अप्पांसारखं आत वाढत गेलं तर?"

आत्याने खुर्चीचा हात धरला. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं तिला चक्कर आली.

"ठाऊक आहे काय तुज?" ती म्हणाली. "कोणी सांगितले तुज?"

"काय?"

"ब्रिजचे."

मला काही कळेना. आणि मग आत्या बोलली. डॉक्टर समोर साचा धरून बसल्या होत्या, आणि आत्या त्यांच्या देखत, एखाद्या भिंतीसमोर बोलावं तशी बोलली.

"तुझे लग्न ठरले तेव्हा त्याच्या ह्याच बाजूच्या दाढा पडलेल्या होत्या. गाल आत गेलेला. मी म्हटले, अरे, तू मुलीचा बाप, मांडवात सगळ्यांपुढे उभा राहणार, फोटो काढणार, आणि म्हाताऱ्यासारखा दिसतोस. दात बसवून घे. तो म्हटला, अक्का, तेथे थोडे चरचरते, बरे झाले की बघू. मी ऐकले नाही गे. हात धरून मीच घेऊन गेले. त्या डॉक्टरने वरून बसवला. फोटोत बघ, किती छान दिसतो. आणि खाली ते वाढत होते. कोणास दिसले नाही. ब्रिज हलू लागला तेव्हा काढला, तर..."

ती तिथेच थांबली. तिने पदर तोंडाला लावला नाही, डोळ्यांना लावला नाही. हात तसेच खुर्चीवर होते. माझ्या लग्नाचा तो फोटो आमच्या ओसरीवर लावलेला आहे. अप्पा माझा हात माधवरावांच्या हातात देताहेत आणि हसताहेत. मी लग्नानंतरची सगळी वर्षं त्या हसण्याकडे बघत आले होते.

मला आत्याचा राग आला नाही. यायला हवा होता असं वाटलं, पण आला नाही. फक्त त्या शेवटच्या महिन्यांत ती कापूस कशासाठी बदलत होती ते कळलं.

डॉक्टर मालतींनी साचा खाली ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. आणि त्या म्हणाल्या, मराठीत म्हणाल्या, एकेक शब्द चाचपत, "मज कळते. बोलाया येत नाही."



पुढचं त्या तमिळमध्ये बोलल्या. त्यांची आजी कुंभकोणमची, मराठी शिंप्यांच्या घरातली, घरात हेच बोलायची. त्यांना सगळं कळतं. पहिल्या दिवसापासून सगळं कळत होतं. "दुधाचे दात पडले आहेत, पाटी," त्या आत्याला म्हणाल्या. पाटी म्हणजे आजी. आत्याचं तोंड उघडं राहिलं. त्यांच्याबद्दल आम्ही आणखी काय काय बोललो होतो ते मी आठवू लागले आणि आठवणं थांबवलं. ब्लाउजच्या बाह्यांपासून हाताच्या हलकेपणापर्यंत आम्ही काही सोडलं नव्हतं.

मग त्या आत्याच्या समोर स्टूल ओढून बसल्या. "तुमच्या भावाला मी पाहिलं नाही. म्हणून काही नव्हतंच असं मी सांगणार नाही. पण ब्रिजने तो रोग होत नाही, पाटी. तंबाखूने होतो. चरचरत होतं म्हणजे तो आधीच आला होता."

"पण झाकला गेला," आत्या म्हणाली.

डॉक्टरांनी मान डोलावली. "हो," त्या म्हणाल्या. "झाकला गेला असेल. ते खरं आहे."

त्यांनी 'नाही' म्हटलं असतं तर आत्याने विश्वास ठेवला नसता. 'हो' म्हटलं म्हणून पहिलंही खरं वाटलं. आत्याचे हात खुर्चीवरून सुटले आणि ती रडायला लागली, आवाज करून, अप्पा गेले त्या दिवशीसुद्धा रडली नव्हती तशी.

ती शांत झाल्यावर मी डॉक्टरांशी पहिल्यांदाच मराठीत बोलले. "मग ब्रिजखाली फट ठेवा, डॉक्टर. मला खाली दिसलं पाहिजे."

त्या उठल्या, साच्यावर मेणाचा एक दात ठेवला आणि तो हिरडीपासून वर उचलून धरला. खालच्या मागच्या दाढेला असं करता येतं, त्या म्हणाल्या. मधला दात हिरडीला टेकवायचा नाही. खालून ब्रश जातो, प्रकाश जातो. अन्न शिरेल, दिसायला चांगलं नाही, जिभेला विचित्र लागेल. "पण हे मला आधी का नाही सांगितलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सांगितलं की, आत्ताच, पण मराठीत, आत्याला.

माधवराव बूथवरून वेळ घेऊन आले तेव्हा आम्ही तिघी लाल डोळ्यांनी साच्यावर वाकलेल्या होतो. ते दारातच म्हणाले, "काय झालं? कोण गेलं?"

बसवल्यावर

माझ्या दोन चांगल्या दातांचा मला अजून शोक आहे. ते घासताना जळक्या हाडासारखा वास येतो. हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. पण तो खरा वास होता, डॉक्टरांना येत होता, मदतनीस मुलीला येत होता, त्यामुळे मला त्याची भीती वाटली नाही. तुम्ही माझ्यासारखंच निवडावं असं मी म्हणत नाही. हाड भरलेलं असेल आणि मन धीराचं असेल तर इम्प्लांट घ्या; माधवरावांच्या कचेरीतल्या एकांनी पुढे मद्रासला जाऊन करून घेतला आणि ते त्याने मुरुक्कू, म्हणजे कडक चकल्या, फोडतात. मला वर्षभर आणखी थांबणं नको होतं. थांबणं म्हणजे आणखी वर्षभर टॉर्च. एवढं मात्र कराच: भीती ज्या भाषेत वाटते त्या भाषेत ती डॉक्टरांसमोर बोला. त्यांना नाही कळली तर दुसऱ्याने सांगावी, पण बोला.

काही आठवडे बरे गेले. मी सकाळी एकदाच फटीतून बघायची, ब्रश फिरवायची आणि कामाला लागायची. दही-भात सोडून खरं जेवण दोन्ही बाजूंनी जेवले. आत्या माझ्याशी बोलू लागली होती, तोंडाकडे बघून नाही, पण बोलत होती.

मग एका दुपारी गच्चीवर वडगम, म्हणजे तांदळाचे सांडगे, वाळत घालत होते. ऊन कडक होतं. आणि वास आला. आला म्हणजे असा, की मागे वळून बघितलं. गोड, कुजका, कापराचा. मी खाली धावले, टॉर्च घेतला, आरसा घेतला, ब्रिजखालची फट बघितली. स्वच्छ, गुलाबी, काही नाही. पण वास गेला नाही. उलट दाट झाला. मला वाटलं, फटीतून जे दिसतं त्याच्याही खाली आहे, हाडात, आणि हा ब्रिज आता काढायलाच हवा, आजच, आत्ता. डॉक्टर नसतील तर बसून राहीन. मी पायांत चपला घातल्या.

आत्या ओसरीच्या पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. "कोठे?"

"काढून टाकते तो. येतोय वास."

तिने सूप बाजूला ठेवलं. "ये इकडे," ती म्हणाली. "बैस. आ कर."

मी बसले. इतक्या महिन्यांत ती कधी जवळ आली नव्हती. आता तिने माझी हनुवटी धरली, चेहरा अगदी जवळ आणला आणि डोळे मिटून हुंगलं. एकदा. पुन्हा एकदा, खोल. तिच्या श्वासाची ऊब माझ्या ओठांना लागली. मी वाट बघत राहिले. ज्याला तो वास माहीत आहे असं माणूस सांगणार होतं.

"नाही," आत्या म्हणाली.

"खरं सांग."

"तुझ्या तोंडास नाही, सुंदरे. देवाशपथ." तिने माझी हनुवटी सोडली नाही. "पण तो आला आहे. मजही येतो. आत्ता येतो आहे. तो गेला त्या दिवसापासून येतो, तांदूळ निवडताना येतो, देवळात येतो, तुझ्या मुलीला पहिल्यांदा मांडीवर घेतले तेव्हा आला. मी कोणास सांगितले नाही. मज वाटे, मलाच येतो."

मग आम्ही दोघी पायरीवर शेजारी बसलो, रस्त्याकडे तोंड करून, आणि वास आमच्याभोवती होता. गल्लीतून एक बाई दही घेऊन गेली. कोणाच्या तरी घरी टीव्हीवर गाणं चालू होतं. आत्याने माझा हात हातात घेतला होता.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "गेला."

मला अजून येत होता. मी चपला काढल्या आणि आत गेले.